संशोधनातला पुरावा उसाच्या फडापर्यंत कसा न्यायचा

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, सगळीकडे तीच गडबड. भांडीकुंडी, सरपण, लहानगी पोरं आणि कोयते ट्रॅक्टरवर चढतात आणि टोळ्या ऊसतोडीसाठी सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे निघतात. अशाच एका निघायच्या दिवशी एका तांड्यावर सात महिन्यांच्या गरोदर बाईने मला तिचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडून दाखवला. आत लाल गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, एकही फोडलेली नाही. "ताई, गोळी खाल्ली की मळमळतंय. मळमळल्यावर मोळी कशी उचलावी? खाडा झाला की मुकादम पैसे कापतोय."

उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे '१८० गोळ्या दिल्या' अशी नोंद होती. ती खोटी नव्हती. दिल्याच होत्या.

लोहाची गोळी रोज घेतली तर गरोदरपणातला रक्तक्षय कमी होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलंय. सगळे अभ्यास एकत्र तपासले तर बाळंतपणाच्या सुमाराला रक्तक्षय असण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी घटते. पुरावा होता, गोळी होती, आशाताईही होत्या. गोळी तेवढी पोटात गेली नव्हती. आशाताई, गटप्रवर्तक, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), वैद्यकीय अधिकारी, अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी पुढे लिहिते आहे, ते सगळं या डब्यातल्या पट्ट्या फोडल्या जाव्यात म्हणून.

आधी प्रश्न लहान करा

'आमच्या भागात रक्तक्षय फार आहे' ही तक्रार झाली. ती मनात धरून संशोधन शोधायला बसलात तर हजारो निबंध समोर येतील आणि दोन दिवसांत तुम्ही नाद सोडाल. कागदावर चार गोष्टी लिहा: कोणाबद्दल विचारतोय, काय करून बघायचंय, कशाच्या तुलनेत, आणि कोणता फरक पडायला हवा.

आमचा प्रश्न शेवटी असा झाला: ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायकांना निघण्याआधी पूर्ण हंगामाच्या गोळ्या आणि रात्री जेवणानंतर घेण्याचा सल्ला दिला, तर महिन्यामहिन्याला गोळ्या देण्याच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त गोळ्या खरोखर घेतल्या जातात का? वाक्य लांबलचक आहे, पण प्रत्येक शब्दाला काम आहे. 'दिल्या' नव्हे, 'घेतल्या'. एवढा एक शब्द ठरवायला आमची अख्खी बैठक गेली आणि ती बैठक सत्कारणी लागली असंच मला वाटतं.

मग आपलीच वही वाचा

बाहेरचा पुरावा बघण्याआधी घरचा आकडा हाती हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हा राज्याचा आकडा. तुमच्या उपकेंद्राचा वेगळा असणार, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा त्याहून वेगळा. गेल्या वर्षाच्या नोंदी घ्या आणि दोन रकाने करा: हंगामाला गेलेल्या आणि गावात राहिलेल्या. प्रत्येकीचं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) किती आणि ते कितव्या महिन्यात मोजलं, हे लिहा. महिना महत्त्वाचा. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे एचबी तसंही खाली येतं. तिसऱ्या महिन्यातल्या आकड्याशी सहाव्या महिन्यातला ताडून बघितला तर गोळी निकामी ठरेल, आणि तो निष्कर्ष चुकीचा असेल.

मशीनकडेही लक्ष द्या. काही ठिकाणी अजून साहलीची नळी वापरतात, रंग डोळ्यांनी जुळवायचा. काही ठिकाणी डिजिटल मीटर आलंय. मध्येच मशीन बदललं आणि आकडे सुधारलेले दिसले, तर त्याचं श्रेय कदाचित मशीनचं असेल. वहीच्या समासात तारीख टाकून 'आजपासून नवीन मीटर' असं लिहून ठेवा.

पुरावा कुठे शोधायचा आणि कोणत्या क्रमाने

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. गुगलवर एखादा निबंध सापडतो, तो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचं धोरण होतं. क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा सरकारी मार्गदर्शिका बघा. रक्तक्षयासाठी २०१८ पासूनचा ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रम आहे. त्यात गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस रोज एक गोळी सांगितली आहे, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. तुमच्या हातात असलेलं औषध आणि तुमच्या अधिकाराची मर्यादा इथेच कळते. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी. मग कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आढावे, कारण त्यांत एका विषयावरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासलेले असतात. प्रत्येक आढाव्याचा सोप्या भाषेतला गोषवारा कोणालाही फुकट वाचता येतो. एकेकटा अभ्यास वाचायचा तो सर्वांत शेवटी. तो पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत शोधा, सारांश मोफत असतो.

इंग्रजीची अडचण खरी आहे आणि ती मान्य करण्यात कमीपणा नाही. अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग आहेत, सगळे त्यांना पीएसएम म्हणतात. तिथले पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत असतात. तुमचा चार ओळींचा प्रश्न घेऊन जा आणि 'यावर आढावा आहे का, आणि तो आम्हाला मराठीत समजावून सांगाल का' एवढंच विचारा. प्रश्न नेमका असेल तर उत्तर मिळण्याची शक्यता खूप वाढते.

अभ्यास पारखताना

सगळ्यात आधी बघायचं की तुलना होती का. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित बायका बाळाकडे जात होत्या, ४७ गावं तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. ती ४७ गावं नसती तर 'काळच सुधारला, म्हणून मृत्यू घटले' असं कोणीही म्हणू शकलं असतं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्या भेटींमागे हा पुरावा आहे. तो देशभर लागू व्हायला २०११ उजाडलं.

दुसरं, नेमकं काय मोजलं ते बघायचं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुठेतरी गेलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे कर्जाने आणि दुष्काळाने खचलेल्या घरांत काम करणाऱ्यांसाठी हा अभ्यास मोलाचा आहे. पण मोजलं ते 'मदत मागितली' हे, 'बरे झाले' हे नव्हे. आणि तुलना होती ती आधी आणि नंतर एवढीच. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून तो वापरा, पण वापरा जरूर. मदत मागणं हीच आपल्याकडची पहिली अडचण आहे.

तिसरं, टक्क्यांची भाषा. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांतला कांगारू पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलो वजनाची बाळं जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी उघड्या त्वचेला लावून ठेवली. नेहमीच्या पद्धतीत पहिल्या २८ दिवसांत १५.७ टक्के बाळं दगावली, कांगारू पद्धतीत १२ टक्के. याला 'मृत्यू २५ टक्क्यांनी घटले' असं म्हणता येतं आणि 'शंभर बाळांमागे साधारण चार जास्त वाचली' असंही. दोन्ही खरं आहे. जिल्हा परिषदेत बोलताना दुसरं वाक्य वापरा. शंभरातली चार बाळं कोणालाही डोळ्यांसमोर आणता येतात.

तिथे चाललं, इथे चालेल का?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

दिवस भरण्याआधी बाळंतपण होणार असेल तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे मोठ्या रुग्णालयांत कितीतरी वर्षांपूर्वी सिद्ध झालं होतं. मग हेच भारतासह सहा देशांतल्या ग्रामीण भागांत मोठ्या प्रमाणावर करून बघितलं. २०१५ मध्ये निकाल आला. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत आणि एकूण नवजात मृत्यू उलट वाढले: हजारी २३.९ च्या जागी २७.४. औषध तेच होतं. पण दिवस किती भरले हे नीट माहीत नसताना दिलं गेलं, आणि जन्मानंतर बाळाला सांभाळायची सोय अनेक ठिकाणी नव्हती. २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांतून आणखी एक अभ्यास आला. तिथे सोनोग्राफीने दिवस मोजलेले होते आणि नवजात कक्षही होता. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले.

म्हणून अभ्यासातला उपाय उचलताना त्याच्याभोवती काय काय होतं याची यादी करा. सोनोग्राफी, परिचारिका, वीज, रेफर करायला गाडी. यातलं आपल्याकडे काय नाही? जे नाही त्यावर खूण करा. खुणा जास्त झाल्या तर तो उपाय सध्या आपला नाही.

गोळीच्या बाबतीत आमचंही असंच झालं असतं. मळमळ होते तर आठवड्यातून एकदाच गोळी द्यावी, असं एका बैठकीत कोणीतरी सुचवलं, आणि त्याला आधारही होता. आठवड्याच्या गोळीचे त्रास कमी असतात आणि बाळाच्या वजनासारखे परिणाम रोजच्या गोळीच्या जवळपास येतात, असं कॉक्रेनच्या आढाव्यात आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पूर्ण वाचली तेव्हा अट दिसली: रोजची गोळी सोसत नसेल तर, आणि जिथे गरोदर स्त्रियांतला रक्तक्षय २० टक्क्यांहून कमी आहे तिथेच. आपण ४५.७ वर आहोत. ती शिफारस आपल्याला लागू नाही. एक ओळ वाचायची राहिली असती तर शेकडो बायकांची गोळी आम्ही आठवड्यावर आणली असती.

पिशवीचा प्रश्न

बीडमध्ये राहून हा विषय टाळता येत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणाची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे शंभरात सुमारे १७. देशपातळीच्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात ३ च्या आसपास होतं. दोन्ही सर्वेक्षणांतले वयोगट तंतोतंत जुळत नसतील, पण एवढी मोठी तफावत वयाने भरून निघत नाही.

हा झाला त्रासाचा पुरावा. उपायाचा पुरावा वेगळा शोधावा लागतो, आणि या दोन्हींची गल्लत करू नका. 'इतक्या पिशव्या काढल्या जातात' यातून 'त्याऐवजी काय करावं' हे आपोआप कळत नाही. पांढरं पाणी जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असतं आणि औषधांनी बरं होतं, 'कॅन्सर होईल' हे त्याचं उत्तर नव्हे. अंगावरून जास्त जात असेल तर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, आणि हार्मोन सोडणारी, गर्भपिशवीत बसवायची तांबीसारखी वस्तूही आहे. इंग्लंडमध्ये ५७१ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांच्या काळात रोजच्या जगण्यातला त्रास या वस्तूने गोळ्यांपेक्षा जास्त कमी झाला. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती वेळेआधीच येते आणि हाडं ठिसूळ होतात. विनाकारण पिशव्या काढल्या जाऊ नयेत म्हणून केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि ती राज्यांनी लागू करावी असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं.

आता तोच प्रश्न पुन्हा विचारा: इंग्लंडमधली वस्तू फडावर चालेल का? जमेची बाजू मोठी आहे. रोज गोळी लक्षात ठेवायची नाही, बरोबर न्यायची नाही, अनेक वर्षं काम करते. पण बसवल्यावर पहिले काही महिने थेंब थेंब जात राहतं. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, पाणी नाही, आडोसा नाही, पहाटे उठून फडात जायचं. एका मावशींना मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग ती उन्हाळ्यात बसवा की. पट्टा पडल्यावर घरीच असतो आम्ही." हंगाम संपून टोळी घरी आल्यावर बसवायची, थेंबांचे महिने गावात काढायचे आणि दसऱ्याला निघायचं. कोणत्याही अभ्यासात हे सापडणार नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

न करण्याचं कारण विचारा

म्हणून बदल ठरवण्याआधी निदान दहा-बारा बायकांशी त्यांच्या वेळेला, त्यांच्या जागी बोला. 'गोळ्या का घेत नाही?' असं विचारू नका, त्यात दोष ठेवल्यासारखं होतं आणि 'घेते की' हे उत्तर ठरलेलं. 'कालचा दिवस उठल्यापासून सांगा' म्हणा. गोळी कुठे बसते आणि कुठे बसत नाही हे आपोआप दिसतं. आम्हाला कळलं ते असं. पहाटे तीनला उठून चहावर गोळी घेतली जायची, चहाने लोह अंगी लागत नाही आणि रिकाम्या पोटी मळमळ होते. संडासला काळी झाली म्हणून सासूने बंद करवली, हे तर नेहमीचंच. कॅल्शियमची गोळी 'एकदाच उरकावी' म्हणून लोहाबरोबरच गिळली जायची, खरं तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं.

एकच बदल, एकाच उपकेंद्रात

निघण्याआधी पूर्ण गोळ्या हातात द्यायच्या. लोहाची गोळी रात्री जेवल्यावर, चहा नाही. काळ्या संडासबद्दल सासू आणि नवरा दोघांना आधीच सांगायचं. एवढंच. त्याच वेळी आहार, शौचालय आणि हातधुणं यांची मोहीम जोडली तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. एचबी ७ च्या खाली असेल तर तिला गोळ्यांवर पाठवायचं नाही, रुग्णालयात न्यायचं. हा नियम प्रयोगाच्या बाहेरचा आहे.

बदलाने नवीन धोका तयार होतो का हेही बघा. एकदम १८० लाल गोळ्या कोपीत गेल्या, आणि तिथे दोन वर्षांची पोरं रांगत-खेळत असतात. लोहाच्या बऱ्याच गोळ्या लहान मुलाने एकदम गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. आमच्या एका आशाताईंनी हे लक्षात आणून दिलं, त्यानंतर घट्ट झाकणाचा डबा आणि 'उंच टांगून ठेवा' ही सूचना त्याच कामाचा भाग झाली.

मोजत राहा

महिन्यातून एकदा फोन. 'डबा काढा, उरलेल्या गोळ्या मोजून सांगा.' किती दिल्या, किती उरल्या, वजाबाकी वहीत. फोन टोळीतल्या एकाकडेच असतो, म्हणून रात्री आठनंतर करा आणि बाईशीच बोला. एका साध्या आलेख-कागदावर दर महिन्याचा ठिपका टाका, निम्मे ठिपके वर आणि निम्मे खाली राहतील अशी मध्यावर रेघ ओढा. एखादा ठिपका वर गेला म्हणून पेढे वाटू नका, एखादा खाली आला म्हणून आशाताईंना बोलू नका. सलग सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले तर काहीतरी खरंच बदललंय असं धरा.

एक फसगत सांगते. ज्यांचं एचबी सर्वांत कमी होतं अशाच बायका निवडून पुन्हा मोजल्या तर थोडी वाढ काही न करताही दिसते, कारण टोकाचा आकडा पुढच्या वेळी मधल्या आकड्यांकडे सरकतो. म्हणून सगळ्यांचं मोजा, आणि शेजारच्या ज्या उपकेंद्रात बदल केलेला नाही तिथलंही.

आकडे बैठकीत मांडण्याची पद्धतही अभ्यासलेली आहे. कामाचे आकडे कर्मचाऱ्यांना परत दाखवण्यावरच्या १४० अभ्यासांचा कॉक्रेन आढावा २०१२ मध्ये आला. योग्य काम होण्याचं प्रमाण साधारण ४.३ अंकांनी वाढलं, म्हणजे शंभरात चार. फार नाही. पण आकडे एकाहून जास्त वेळा, बोलून आणि लिहून दिले, सोबत ठरलेलं लक्ष्य आणि पुढे काय करायचं हेही सांगितलं, तिथे परिणाम जास्त दिसला. चारचौघांत एकीचं नाव घेऊन आकडा वाचणं मात्र थांबवा. पुढच्या महिन्यात आकडा सुधारतो, काम तेवढंच राहतं.

रजिस्टरच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. त्यावर बायकांची नावं, गरोदरपण, आजार असतात. आणि हे काम प्रसिद्ध करायचा किंवा चिठ्ठ्या टाकून गट पाडायचा विचार असेल, तर सुरू करण्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते, नंतर नाही.

बदली झाल्यावर

वैद्यकीय अधिकारी बदलून जातात, कंत्राटी सीएचओंचा करार संपतो, आणि दोन वर्षांचं काम कपाटात जातं. हे मी फार वेळा बघितलंय. एका पानावर लिहून ठेवा: प्रश्न काय होता, कोणत्या मार्गदर्शिकेतलं कोणतं वाक्य घेतलं, इथल्यासाठी काय बदललं, कोणाला विचारून, आकडे काय आले, आणि काय जमलं नाही. न जमलेलं आधी लिहा, नवीन माणसाचं वर्ष वाचतं. एक प्रत उपकेंद्राच्या भिंतीवर, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, एक ग्राम आरोग्य समितीच्या इतिवृत्तात, कारण समितीतल्या बाया बदलून जात नाहीत.

आणि तारीख गाठा. गोळ्यांची मागणी ऑगस्टमध्ये गेली पाहिजे, हंगामाच्या बायकांची यादी पोळ्याच्या सुमाराला, एचबी मोजणी घटस्थापनेआधी. दसऱ्यानंतर डबे घेऊन गेलात तर तांड्यावर फक्त म्हातारी माणसं भेटतील.